सासऱ्यांच्या बेस गिटारचा जीर्णोद्धार

धोंड्याच्या महिन्यात जावयाने काय मागावं याचा काही नियम नाही. काय मागू नये याचा मात्र एक नियम मी यंदा घालून दिला आहे. सासऱ्यांची बेस गिटार मागू नये.

अधिक महिना तसा विष्णूचा. आम्ही लिंगायत, म्हणजे शंकराच्या बाजूची माणसं. पण जावयाला अनारसे खाऊ घालायची वेळ आली की लातूर-उदगीरकडे हा वाद कुणी उकरून काढत नाही. तर मी आणि माझी बायको अंबिका उदगीरला तिच्या माहेरी गेलो. सासूबाईंनी, म्हणजे रत्नम्मामामींनी, मला पाटावर बसवलं, पुरणाचे धोंडे वाढले आणि मी 'पुरे' म्हटल्यावर पुन्हा वाढले. आमच्याकडे जावई हा माणूस नसतो, ते एक पद असतं. त्या पदावरच्या गृहस्थाला ठसका लागला तरी घर उठून उभं राहतं. त्याच्या हातून चूक झाली तर तिला चूक म्हणत नाहीत, जावयाची आवड म्हणतात. ही सोय मला आजवर फार बरी वाटत होती.

माझे सासरे गुंडप्पा. त्यांना मी मामा म्हणतो. उदगीरच्या बाजारात त्यांचं खिळे, कड्या, कुलपांचं दुकान आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी बसल्याशिवाय ते बसलेले मला आठवत नाहीत. मला ते 'जावईबापू' म्हणतात आणि माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत, कारण पुढे बोललं तर मतभेद होण्याचा धोका असतो.

हे मामा दुकानात बसण्याआधी, म्हणजे फार पूर्वी, नांदेडच्या 'नवतरंग' ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. नायगाव, कंधार, औसा, जिथे जत्रा किंवा गणपती असेल तिथे नवतरंग जायचा. लग्न झालं, दुकान अंगावर आलं आणि गिटार दुकानामागच्या खोलीत खुंटीला गेली. तिथून ती मामा अधूनमधून काढायचे, हे मला अंबिकेकडून कळलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना दार लोटून वाजवायचे म्हणे.

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर मामांनी एक बातमी सांगितली. नवतरंगचे अकॉर्डियनवाले शेषेराव पंच्याहत्तरीचे होत होते. दिवाळीनंतर नांदेडला कार्यक्रम होता आणि त्यांनी जुन्या सगळ्या वाजवणाऱ्यांना बोलावलं होतं. गाणाऱ्या सिंधुताई येणार होत्या. मामांनी एका गाण्याला साथ करायची होती.

"एकच गाणं हाय," मामा म्हणाले. "पण त्या लोकांत बसून एकदा वाजवायचं होतं. मग गिटार खुंटीला राहिली तरी चालंल." एवढं सलग बोलल्याचं त्यांनाच नवल वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी विषय बदलला आणि विचारलं, "जावईबापू, यंदा वाण म्हणून अंगठी करू का?"

इथे माझ्या अंगात मोठेपणा संचारला. मी म्हणालो, मला सोनंनाणं नको. तुमची गिटार द्या. मी लातूरला नेतो, दुरुस्त करतो आणि कार्यक्रमाला नवी कोरी करून तुमच्या हातात ठेवतो. मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली. धोंड्याच्या महिन्यात जावयाने तोंडाने मागितलेलं नाकारायचं नसतं. मामा आत गेले, गिटार धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून घेऊन आले आणि मामींनी तिला हळदकुंकू लावून माझ्या ओटीत घालावी तशी माझ्या मांडीवर ठेवली. मामांचा हात तिच्यावरून निघायला जरा वेळ लागला. मला वाटलं, ते भारावून गेले आहेत.

परतीला गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून आम्ही एसटीने आलो. कंडक्टरने ते धोतरातलं लांबट प्रकरण पाहून आधी आत काय आहे ते विचारलं. मी गिटार म्हटल्यावर त्याने सामानाचं तिकीट काढावं लागेल म्हणून सांगितलं. मी म्हणालो, वाद्य आहे, मांडीवर घेतो. तो म्हणाला, मांडीवर मूल घेतात. त्यावर मागच्या सीटवरच्या बाईने आपल्या कोंबडीचं तिकीट काढलं नव्हतं हे बाहेर आलं आणि चर्चा माझ्या हातून गेली. शेवटी मी तिकीट काढलं. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाला सगळ्या बसने हसून घेतलं तेव्हाच खरं तर मी शहाणा व्हायला हवं होतं.

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मास्तराचा एक रोग असतो. त्याला एखादी गोष्ट अर्धी कळली की पूर्ण शिकवाविशी वाटते. पुढचे आठ-पंधरा दिवस मी मोबाइलवर बेस गिटारचा इतिहास पाहिला आणि तो दिसेल त्याला सांगितला. पूर्वी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं, सारंगीच्या थोरल्या भावासारखं वाद्य. गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागायचं आणि ढोल-तुताऱ्या सुरू झाल्या की ऐकूच यायचं नाही. मग अमेरिकेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने, ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, एका सपाट फळीला दांडी जोडली, चार जाड तारा लावल्या, सूर नेमका लागावा म्हणून पट्ट्या ठोकल्या आणि सगळं विजेवर आणलं. पहिल्या गिटारी पाटासारख्या चौकोनी होत्या, फासळ्यांत टोचायच्या. मग त्यांच्या कडा तासल्या. तारांखालचं आवाज टिपणारं यंत्र, ज्याला पिकअप म्हणतात, आधी एकसंध होतं, त्याचे दोन तुकडे करून मागेपुढे बसवले, म्हणजे घरघर गेली. पुढे दांडी निमुळती झाली, दोन दोन पिकअप आले. तारा आधी इस्त्री केल्यासारख्या गुळगुळीत असायच्या, नंतर खरखरीत वेटोळ्यांच्या आल्या आणि आवाज पियानोसारखा खणखणीत झाला. शेवटी पोटात बॅटरी आली.

या सगळ्यातून मी जो निष्कर्ष काढला तो आमच्या क्षेत्राला शोभणारा होता. बालवाडी, पहिली, दुसरी असं करत बेस गिटार पदवीला पोचली आहे आणि मामांची गिटार दुसरीतच बसून आहे.

ती खरोखर तशीच दिसायची. मधोमध मधासारखी पिवळी आणि कडेला काळी होत गेलेली. उजवा हात टेकायचा तिथला रंग पार उडून आतलं लाकूड दिसत होतं. तारा गुळगुळीत जातीच्या, बहुधा आमच्या लग्नाच्याही आधीच्या. तारा जिथे संपतात तिथे एक चकचकीत लोखंडी झाकण होतं आणि झाकणाखाली तारांना चिकटून कुरतडल्यासारखी फोमची पट्टी. तारांच्या खालच्या अंगाला लाकडाचा एक बोटभर तुकडा स्क्रूने बसवला होता. पूर्वी बेस अंगठ्याने वाजवत आणि उरलेली बोटं त्या लाकडाला धरून ठेवत, हेही मी व्हिडिओत पाहिलं होतं. पुढे लोक बोटांनी वाजवू लागले तेव्हा तो तुकडा निरुपयोगी झाला, असं व्हिडिओ म्हणत होता. मामा कशाने वाजवतात हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही.

अंबिका म्हणाली, "अहो, अप्पांना एकदा फोन करून विचारा ना, काय काय करायचं ते."

मी म्हणालो, मग त्यात आश्चर्य काय राहिलं? आश्चर्य राहील याची मी पुढे पुरेपूर काळजी घेतली.

शेजारचे चंद्रप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते कुठल्याही वस्तूकडे आधी डागडुजीच्या नजरेने पाहतात. त्यांनी गिटार उलटी सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "सर, ही अशी टक्कल पडलेली वस्तू सासऱ्याला परत देणार? लोक काय म्हणतील, जावयानं पॉलिश पन केलं न्हाई." हे मला लागलं. लोकांनी काय म्हणावं याची मला फार काळजी असते, लोक मात्र माझ्याबद्दल फारसं काही बोलत नाहीत. चंद्रप्पांनीच मग दुचाकी रंगवणारा एक माणूस सुचवला. त्याने जुना रंग घासून काढला, हाताजवळची ती उघडी जागा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सारखी केली आणि सगळ्या गिटारला नव्या मोटरसायकलचा चमकदार लाल रंग मारला. लाकडी तुकड्याचे स्क्रू मधे येत होते म्हणून त्याने तो काढला आणि भोकं बुजवली. तुकड्याचं काय केलं ते त्याला आठवत नव्हतं.

तारांचं आणि विजेचं काम वैजनाथकडे दिलं. वैजनाथ बेंजो पार्ट्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याचा स्वतःवर दांडगा विश्वास आहे. त्याने गिटारला कानाशी धरून ठोकलं आणि विचारलं, "सर, आवाज कसा पायजे? वरातीला छाती धडधडंल असा?" मी म्हणालो, स्वच्छ, खणखणीत, आधुनिक. त्याने मागून चौकोनी खड्डा कोरून बॅटरी बसवली, नवे पिकअप लावले. नव्या तारा मी मागवल्या होत्या, पण त्या लातूरच्या कुरिअर कचेरीत अडकल्या. तिथल्या माणसाचं म्हणणं, पार्सलवर 'तार' लिहिलंय, मग विजेच्या सामानाचं बिल दाखवा. मी त्याला बेसचा इतिहास सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "बरं. पन बिल?" तीन खेपा घालून मी तारा सोडवल्या, तर वैजनाथने त्या गुंडाळण्याआधीच नीट दिसाव्यात म्हणून टोकाशी छाटल्या आणि त्या खुंट्यांना पुरेनात. पुन्हा मागवल्या. पुन्हा तोच माणूस. या वेळी त्याने मलाच इतिहासातला एक भाग सांगितला.

फोमची पट्टी मी स्वतः काढली. उंदराने खाल्लेल्या गादीसारखी दिसत होती. घंटागाडी दारात आली तशी मी ती कचऱ्याबरोबर टाकली. पट्टी नाही तर झाकण कशाला, म्हणून झाकणही उरलं. ते चंद्रप्पांनी मागून घेतलं आणि त्यांच्या खिडकीत उलटं ठेवून चिमण्यांना पाणी घालायला सुरुवात केली. चिमण्या त्यावर खूश आहेत. या सगळ्या जीर्णोद्धारातून सुख झालं ते एवढ्यांनाच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही गिटार घेऊन उदगीरला गेलो. या वेळी स्वतःच्या गाडीने गेलो. मी ती नव्या पेटीतून काढली. मामी 'अगं बाई' म्हणाल्या आणि विभूतीचा डबा आणायला गेल्या. मामांनी ती मांडीवर घेतली, उजवा हात जिथे टेकायचा तिथे टेकवला, आणि तो गुळगुळीत रंगावरून घसरला. मग त्यांची बोटं तारांच्या खाली काहीतरी शोधू लागली. आधी जरा वर, मग जरा खाली, आंधळ्या माणसाने दाराची कडी चाचपावी तशी. तिथे काही नव्हतं. त्यांनी अंगठ्याने एक तार छेडली. ती वाजली आणि वाजतच राहिली.

"वा," मामा म्हणाले. "लई चमकायलीय."

मी अंबिकेकडे पाहिलं. ती तिच्या अप्पांच्या बोटांकडे पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्या क्षणी मला कळलं. एखादा पेपर सोडवून आल्यावर जिन्यातच आपण काय लिहून आलो ते कळतं, तसं. मला इतकी लाज वाटली की मी उगीचच बॅटरी कशी बदलायची ते समजावून सांगायला लागलो, आणि मामा प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले.

संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना आत मामींचा दबका आवाज आला. मामांनी तारांखाली हातरुमालाची घडी सरकवली होती, फोमच्या जागी. मामी म्हणत होत्या, काढा ते फडकं, जावयाचं मन दुखंल. मी उठून आत गेलो आणि म्हणालो, असू द्या ना मामा, ठेवा रुमाल. तर मामांनी चोरी सापडल्यासारखा तो पटकन ओढून खिशात घातला. "न्हाई न्हाई," ते म्हणाले, "नाक पुसायला काढला होता. आवाज चांगलाच हाय." ज्याचं वाटोळं केलं तोच आपली समजूत काढतोय, यासारखा दुसरा अपमान नाही. मी परत येऊन पेपर उलटा धरून बसलो.

नांदेडचं मंगल कार्यालय चांगलं भरलं होतं. शेषेराव कोट घालून अकॉर्डियनसह बसले होते. सिंधुताई आता बारीक झाल्या होत्या आणि त्यांचा आवाजही, पण त्या पदर सावरून माईकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा जुनी माणसं ताठ बसली. मी मागच्या रांगेत जागा पाहत होतो. तेवढ्यात सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं. मामांनी शेषेरावांना सांगून ठेवलं होतं. जुन्या वाद्याला नवजीवन देणारे आमचे जावई, लातूरचे प्राध्यापक संगमेश्वर सर. शेषेरावांनी मला शाल घातली, नारळ हातात दिला आणि बेस गिटार कशी कशी बदलत गेली त्यावर दोन शब्द बोलावे अशी विनंती केली. एरवी दोन शब्द म्हटलं की माझी चाळीस मिनिटं होतात. मी उभ्या वाद्यापासून सुरुवात केली, चौकोनी फळीवर आलो, गुळगुळीत तारांपर्यंत पोचलो आणि मंचावर बाजूला बसलेले मामा दिसले. लाल गिटार मांडीवर घेऊन ते माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, म्हणजे पाहायचा प्रयत्न करत होते. मी 'इत्यादी' म्हणून खाली उतरलो आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. बेसच्या इतिहासात मी सोडलेला तो भाग आजवर कुणी विचारला नाही.

गाणं सुरू झालं. जुन्या काळचं विरहाचं गाणं. मामांनी पहिला सूर वाजवला आणि स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा आवाज सभागृहात फिरला. पुढच्या सुरापर्यंत पहिला थांबेना, तिसऱ्यापर्यंत दुसरा थांबेना. धरायला आधार नाही म्हणून मामांची बोटं हवेत लटकत होती आणि अंगठा भलत्या तारेवर जात होता. सिंधुताईंचा आवाज त्या खणखणाटात बुडून गेला. त्यांनी एकदा वळून पाहिलं. शेषेरावांनी पाहिलं. मागून कुणीतरी हसलं. मामांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते वाजवत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मी शाल घट्ट पांघरून वाट पाहत होतो.

पहिल्या कडव्यानंतर मामांनी हात थांबवला. "माफ करा," ते माईकमध्ये म्हणाले. "वय झालं. हाताला गोळा आला." त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं. भरल्या सभागृहात, आपल्या सगळ्या सोबत्यांसमोर, त्यांनी चूक स्वतःच्या हातावर घेतली, कारण ती जावयाची होती. मग ते मंचावरून वाकले आणि गिटार माझ्या हातात दिली. "जरा धरा, जावईबापू."

मला वाटलं, आता ते उतरणार. पण ते परत माईककडे गेले. त्यांनी डोळे मिटले, तोंड माईकच्या अगदी जवळ नेलं आणि सुरू केलं, "धुम्. धुम् धु-धुम्. धुम्."

सभागृह हसलं. हसणारच. पंच्याहत्तरीकडे झुकलेला कुलपांचा व्यापारी तोंडाने गिटार वाजवतोय. पण मामा थांबले नाहीत. आवाज खोल होता, गोल होता आणि प्रत्येक सूर आपलं काम करून लगेच बाजूला होत होता. शेषेरावांनी हसत हसत अकॉर्डियन उचललं. सिंधुताईंनी दुसरं कडवं घेतलं, आणि या वेळी त्यांचा बारीक झालेला आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. कडव्याच्या शेवटी त्यांनी श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मी पहिल्या रांगेत अंगावर शाल, एका हातात नारळ आणि मांडीवर लाल गिटार घेऊन बसलो होतो आणि ज्या आवाजाचा मी महिनाभर जीर्णोद्धार केला तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मला रडू आलं. शेजारच्या माणसाने समजुतीने विचारलं, "तुमचे वडील का?" मी म्हणालो, सासरे.

टाळ्या पुष्कळ पडल्या. सिंधुताईंनी मामांना हात जोडले. कुणीही मला एका शब्दाने बोललं नाही. उलट जेवताना मला आग्रह करून दोनदा जिलबी वाढली.

मामी आणि अंबिका नांदेडला मावशीकडे राहिल्या. दुकान उघडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मी उदगीरला निघालो. गिटार मागच्या सीटवर उघडीच ठेवली होती. मी दोनतीनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दर वेळी मामांनी कपाशी यंदा कशी आहे ते दाखवलं. कंधार मागे पडल्यावर एका मोकळ्या जागी ते म्हणाले, "गाडी बाजूला घ्या." मला वाटलं, लघवीला जायचं असेल. ते उतरले, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं आणि मलाही उतरायला सांगितलं.

"जावईबापू, ही जागा माझं घर हाय का?"

"नाही."

"तुमचं?"

"नाही."

"रत्नम्मा हाय का इथं?"

"नांदेडला आहेत, मामा."

"मग इथं कुनी जावई न्हाई आन् कुनी सासरा न्हाई," ते म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी करून बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे वळले. "गाढवा," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी मला जे झापलं, तसं मला माझ्या वडिलांनीही कधी झापलं नव्हतं. मराठी संपली की ते कानडीत जात आणि कानडी संपली की उर्दूत, आणि कुठल्याच भाषेत मला 'तुम्ही' म्हणत नव्हते. तो लाल रंग काय म्हणून फासलास? हाताची ती जागा मी घासून घासून केली होती, तुझ्या लांबीनं बुजवायला का? विचारायला तुझी जीभ झडली होती? प्राध्यापक म्हणे. मी मान खाली घालून उभा होतो. लाज तर वाटतच होती, पण कालपासून छातीवर बसलेलं ओझं प्रत्येक शिवीबरोबर थोडं हलत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मामा, थांबू नका.

"आन् तो फोम," त्यांचा आवाज इथे जरा चिरकला. "नालायका, तो कचरा वाटला तुला? तो आवाज दाबून धरायचा. बेसनं दबून ऱ्हायाचं असतं. म्हनून तर गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू..."

तेवढ्यात कंधारकडून एक मोटरसायकल आली आणि आम्हाला पाहून थांबली. व्यंकटी नावाचा उदगीरचाच माणूस, मामांचं गिऱ्हाईक. त्याने विचारलं, काय अप्पा, गाडी बंद पडली काय?

मामांचा हात माझ्या खांद्यावर आला. "न्हाई न्हाई," ते हसत म्हणाले, "हे आमचे जावई. लातूरला प्रोफेसर हायत. काल नांदेडला शाल घालून सत्कार झाला त्यांचा. माझी जुनी गिटार यांनीच नवी करून दिली." व्यंकटीने काचेतून आत पाहिलं, गिटारचा रंग झकास असल्याचं सांगितलं, मला नमस्कार केला आणि निघून गेला. मामा तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले.

"हां," ते म्हणाले. "कुठं होतो मी?"

"फोमपाशी," मी सांगितलं.